खोतांना बक्षीस उत्तरासाठी मिळालं नव्हतं

सुभाष खोत यांची गोष्ट तुम्ही बहुतेक ऐकली असेल. इचलकरंजीचा मुलगा, ऑलिंपियाडमध्ये दोन रौप्यपदकं, १९९५ला आयआयटी प्रवेश परीक्षेत देशात पहिला, मग मुंबई आयआयटी, प्रिन्स्टन आणि २०१४ला सोलमध्ये नेवानलिना पुरस्कार. संगणकशास्त्रातल्या गणिती कामासाठीचा हा जगातला मोठा मान. आपल्या भिवंडीला ही गोष्ट जवळची वाटते, कारण इचलकरंजीही यंत्रमागाचंच गाव.

पण ती अशी सांगितली की वाटतं, पहिला नंबर काढत गेलं की शेवटी बक्षीस मिळतं. संशोधनाची तयारी करणाऱ्याला याचा काही उपयोग नाही. बक्षीस कशासाठी होतं, ते बघा.

एक लूमचा कारखाना घ्या. कामगारांच्या साप्ताहिक सुट्ट्या लावायच्या आहेत आणि अटी जोडीजोडीने आहेत: सलीमच्या सुट्टीनंतर बरोबर दोन दिवसांनी रमेशची, वगैरे. एकाची सुट्टी ठरली की दुसऱ्याची आपोआप ठरते, म्हणून 'युनिक'. सगळ्या अटी एकत्र पाळता येत असतील तर काम सोपं. एकाला सोमवार द्या आणि साखळी धरून पुढे जा. अडलं तर मंगळवारपासून पुन्हा. जास्तीत जास्त सात प्रयत्न.

आता समजा, शंभरातल्या ९९च अटी पाळता येतात आणि नडणारी कुठली ते माहीत नाही. साखळीत ती आली की पुढचं सगळं बिघडतं. खोतांनी २००२मध्ये अटकळ मांडली, की सातऐवजी पुरेसे जास्त पर्याय असतील तर अशा वेळी एक टक्का अटी पाळणारी मांडणी शोधणंसुद्धा एनपी-हार्ड आहे. हीच युनिक गेम्स कन्जेक्चर.

ती २०१४ला सिद्ध झालेली नव्हती, आजही नाही. मग बक्षीस का? कारण ती खरी मानली की कितीतरी अडलेले प्रश्न सुटतात. मॅक्स-कट घ्या: जाळ्यातल्या बिंदूंचे दोन गट असे करा की जास्तीत जास्त रेषा एका गटातून दुसऱ्यात जातील. गोमन्स आणि विल्यमसन यांची पद्धत सर्वोत्तम उत्तराच्या किमान ०.८७८ पट हमखास देते. हा विचित्र आकडा आपल्या पद्धतीची मर्यादा की प्रश्नाची? खोत, किंडलर, मोसेल आणि ओ'डॉनेल यांच्या कामातून दिसलं, की अटकळ खरी असेल तर याहून चांगली हमी देणारी जलद पद्धत, पी आणि एनपी एकच नसतील तर, असूच शकत नाही.

म्हणजे समितीने एका प्रश्नाला बक्षीस दिलं, आणि माझ्या मते बरोबर केलं.

माझी तक्रार पुरस्काराच्या साच्याबद्दल आहे. तो एका व्यक्तीला मिळतो, तेही चाळिशीच्या आत. २०२२पर्यंतचे अकराही मानकरी पुरुष आहेत. नेवानलिना यांच्या नाझी-संबंधांमुळे २०२२पासून नाव बदलून अबॅकस पदक झालं, वयाची अट मात्र तशीच राहिली. मध्येच नोकरी केलेल्या किंवा घरासाठी थांबलेल्या माणसाचं गणित यात बसत नाही. शिवाय काम एकट्याचं दिसतं. अटकळीच्या दिशेने मोठं पाऊल ठरलेलं '२-टू-२'चं प्रमेय २०१८ला पूर्ण झालं, ते खोत, मिन्झर, सफ्रा आणि इतर अनेकांच्या कामातून. मिन्झर तर तेव्हा पीएचडीचा विद्यार्थी होता.

याच्या शेजारी गोडेल पुरस्कार ठेवा. तो शोधनिबंधाला मिळतो, वय विचारत नाही. २००६चा मान अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांच्या मूळसंख्या ओळखण्याच्या निबंधाला मिळाला. २००२ला निकाल जाहीर झाला तेव्हा कयाल आणि सक्सेना यांचं बीटेक नुकतंच संपलं होतं. हा साचा संशोधन प्रत्यक्षात कसं होतं त्याच्या जास्त जवळ आहे.

तेव्हा पुढच्या वेळी अशी बातमी आली की नाव आणि गाव वाचून थांबू नका, काम काय ते शोधा. आणि स्वतःचा सिनॉप्सिस लिहिताना आधी एक ओळ लिहून बघा: 'माझं म्हणणं खरं निघालं तर आणखी काय काय ठरेल?' ती ओळ रिकामी राहिली तर विषयावर अजून काम बाकी आहे. गाइडकडे जाण्याआधीच ते कळलेलं बरं.