मुरगावची बोट आणि बुडालेल्या जहाजांचा हिशेब

जेम्स लीझर यांचे ‘बोर्डिंग पार्टी’ (१९७८) आणि त्यावरून निघालेला ‘द सी वुल्व्हज’ (१९८०) हा चित्रपट, दोन्हींची कथा आपल्या उंबऱ्याजवळची आहे. पेडण्याहून मुरगाव म्हणजे शापोरा, मांडवी आणि जुवारी ओलांडली की झाले; डिचोलीकरांना एक नदी कमी.

९ मार्च १९४३ च्या रात्री ‘कलकत्ता लाइट हॉर्स’मधील प्रौढ, पोट सुटलेले इंग्रज व्यापारी ‘फीबी’ नावाच्या जुनाट बार्जमधून बंदरात शिरले आणि ‘एहरेनफेल्स’ या जर्मन बोटीवर चढले. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून कामगिरी गुप्त. बोटीवरचा चोरटा ट्रान्समीटर दोस्तांच्या जहाजांची खबर पाणबुड्यांना देतो, हा आरोप. झटापटीत बोटीचे कप्तान आणि काही खलाशी मारले गेले; बोट खलाशांनीच बुडवली.

लीझर यांची कथनशैली वेगवान आहे, बार्जवरच्या प्रवासाचे वर्णन तर झकासच. अडचण हिशेबाची आहे. चित्रपटाच्या शेवटी सांगितले जाते की, मार्चच्या पहिल्या अकरा दिवसांत हिंदी महासागरात बारा जहाजे बुडाली, धाडीनंतर महिन्याच्या उरलेल्या दिवसांत एकच. पण त्या वेळी दक्षिण आफ्रिकेजवळचा पाणबुड्यांचा गट मोहीम आटोपून परतीला लागला होता, आणि त्याच वर्षी जून ते ऑगस्टमध्ये मोझांबिक-मादागास्करकडे जहाजे पुन्हा बुडू लागली. मग ट्रान्समीटर कुठला? शिवाय जर्मनांचा ‘बी-डीन्स्ट’ विभाग ब्रिटिश ताफ्यांचे संकेत वाचत होता आणि ब्लेचली पार्कमधील मंडळी ‘एनिग्मा’ फोडत होती. हे रहस्य १९७४ साली उघड झाले. पुस्तक त्यानंतर चार वर्षांनी आले. तरी सारे श्रेय एका धाडीला! माणसे मेली ती कशासाठी, हा प्रश्न त्यामुळे विचारलाच जात नाही.

आणि गोवेकर? कार्निव्हलच्या गर्दीपुरता. बंदरातला कामगार, पागी कुणालाच चेहरा नाही.

बारा वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९५५ रोजी, आपल्याच डोंगरापलीकडे आंबोलीच्या रानात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गोवामुक्तीचे गुप्त नभोवाणी केंद्र सुरू केले. कोकणी आणि पोर्तुगीजमधून ते डिसेंबर १९६१ पर्यंत बोलत राहिले. तिथे संदेश उघडा होता. लपवायची होती ती फक्त जागा.