लक्षण, कारण, उपाय – आणि मधला विचार

गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेच्या शेवटी बहुधा एक तक्ता असतो. त्यात तीन रकाने असतात: लक्षण, संभाव्य कारण आणि उपाय. ‘सेल्फ मारला तरी इंजिन फिरत नाही – बॅटरी उतरली – चार्ज करा किंवा बदला.’ ‘दिवे लागत नाहीत – फ्यूज गेला – नवा बसवा.’ साताऱ्याहून सांगलीला जाताना कराडजवळ हा तक्ता उघडायची वेळ आमच्यावर आली, आणि विज्ञानविषयक लिखाण म्हणून तो आम्ही प्रथमच बारकाईने वाचला.

या तक्त्याचे गुण आधी सांगू. भाषा सोपी आहे, शब्द मोजके आहेत, आणि घाबरलेल्या माणसाला कुठून सुरुवात करावी हे तो सांगतो. दहापैकी काही वेळा उत्तर बरोबरही निघते. आमची तक्रार उरलेल्या वेळांबद्दल आहे.

आमच्या गाडीचे दिवे झकास लागत होते, पण सेल्फ मारला की नुसती ‘टक्’. जवळच्या कारागिराने तक्त्यानेच विचार केला: बॅटरी गेली, नवी घ्या. आम्ही बॅटरीच्या टर्मिनलकडे पाहिले. पट्ट्याखाली पांढरट-हिरवा थर जमला होता. तो खरवडून पट्टा घट्ट आवळला आणि गाडी चालू झाली.

यात चमत्कार काही नाही, नववी-दहावीत शिकवला जाणारा ओहमचा नियमच आहे. त्या थराचा रोध 0.02 ओहम धरू. समोरचे दोन दिवे 55 वॅटचे, म्हणजे दोन्ही मिळून सुमारे 9 अँपिअर धारा. थरावर विभवांतर घटते ते 0.18 व्होल्ट; डोळ्यांना ते कळतही नाही. सेल्फला मात्र 150 अँपिअर लागतात असे समजू. तेवढी धारा वाहायची तर त्याच थरावर 3 व्होल्ट खर्च होतील! मग सेल्फच्या वाट्याला उरणार काय? म्हणून ‘दिवे लागतात, म्हणजे वायरिंग ठीक’ हा निष्कर्ष चुकीचा, आणि ‘सेल्फ फिरत नाही, म्हणजे बॅटरी गेली’ हाही घाईचा.

दोन्ही शक्यता वेगळ्या करणारी चाचणी तक्त्यात हवी होती. व्होल्टमीटरची टोके पट्ट्यांवर न ठेवता बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर ठेवायची आणि दुसऱ्याने सेल्फ मारायचा. विभवांतर 9 व्होल्टच्याही खाली कोसळले, तर दोष बहुधा बॅटरीत. ते 12 च्या आसपासच राहिले, तर बॅटरी सक्षम आहे. दोष जोडणीत, वायरीत किंवा सेल्फमध्ये शोधावा. तक्ता उत्तर देतो, पण उत्तर कसे तपासायचे ते सांगत नाही.

फ्यूजच्या ओळीत तर धोका आहे. पाठ्यपुस्तकातली वितळतार आणि गॅरेजातला फ्यूज एकच, हे किती विद्यार्थ्यांना जाणवते? फ्यूज हा रोग नव्हे, रोगाची खबर देणारा निरोप्या आहे. 10 अँपिअरचा फ्यूज पुन्हा पुन्हा जातो म्हणून तिथे तांब्याची तार गुंडाळली, की निरोप्याचे तोंड बंद होते. उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फ्यूज वितळला नाही, तर वायरीचे आवरण वितळते आणि गाडी पेट घेऊ शकते. ‘नवा बसवा’ याआधी ‘का गेला ते पाहा’ हे तीन-चार शब्द छापायला जागा नव्हती काय?

तिसरी उणीव काळाची. 2005, 2019 आणि 2021 साली कृष्णेच्या पुराने सांगलीत हाहाकार केला. पुरात बुडालेल्या गाडीचा दोष त्याच दिवशी दिसेल असे नाही. गढूळ पाण्यात क्षार विरघळलेले असतात. जोडण्यांवर विभवांतर असले, की तिथे विद्युत अपघटन होऊन धातू झिजतो, आणि महिन्याभराने एखादा दिवा अचानक बंद पडतो. तक्त्याला आजचे लक्षण दिसते, गाडीचा इतिहास दिसत नाही. अशा गाडीचा सेल्फ न मारता आधी बॅटरीची ऋण जोडणी सोडवावी, ही सूचना नदीकाठच्या वाचकाला सर्वांत मोलाची.

हे सारे आम्ही शिक्षकांसमोर मांडतो, कारण आपल्या प्रश्नपत्रिकाही बहुधा याच तीन रकान्यांत अडकलेल्या असतात. वर्गात एक प्रयोग करून पाहा. टॉर्चचा एक नवा आणि एक वापरून जुना झालेला सेल घ्या. मोकळ्या सेलचे विभवांतर मोजा, मग टॉर्चचा बल्ब जोडून पुन्हा मोजा. जुन्या सेलचा आकडा किती घसरतो ते विद्यार्थ्यांनाच सांगू द्या. अंतर्गत रोधाची व्याख्या त्यानंतर द्या. खऱ्या गाडीच्या बॅटरीवर मुलांकडून प्रयोग मात्र करवू नका. त्यात गंधकाम्ल असते, चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि एक ठिणगीही स्फोटाला पुरते.

तक्ता फाडून टाकावा असे आमचे म्हणणे नाही. त्यात एक चौथा रकाना वाढवावा: ‘हे खरे कशावरून?’ तो रकाना भरायला शिकलेला विद्यार्थी गाडीपाशीच नव्हे, कुठेही अडून बसणार नाही.