कॅसिओ, तारपा आणि भाड्याचं ऐंशीचं दशक

चिंचणीला मांगेल्यांच्या एका हळदीत कॅसिओवाल्या पोराने तारपा वाजवला. खरा, फुंकायचा तारपा नव्हे. शहनाईचा टोन लावून, डाव्या हाताने एक सूर दाबून धरून. त्यावर उजव्या हाताची चार-पाच सुरांची धून गरगरत राहिली, ऑक्टापॅडवाल्याने ठेका पकडला आणि मांडवातल्या बायांनी फेर धरला. सिंथपॉप म्हणतात तो याहून फार वेगळा नसतो.

शहरी इंडी बँडांचं ‘रेट्रो’ मात्र बहुतेकदा इंग्लंडच्या ऐंशीच्या दशकातून येतं. शायर अँड फंकच्या पहिल्या अल्बमने, २००७ च्या ‘न्यू डे : द लव्ह अल्बम’ने, निदान स्वतःची धग आणली, गायिका मोनिका डोगराचा आवाज यंत्रांपुढे दबत नाही. पुढे मॅडबॉय/मिंकने जुन्या डिस्को-फंकचा झगमगीत पोशाख चढवला. ऐकायला झकास, पण पोशाख भाड्याचा.

घरचं ऐंशीचं दशक मुंबईतच पडून होतं. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आयुष्य काढलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडची तीन यंत्रं (ज्युपिटर-८, टीबी-३०३, टीआर-८०८) जोडून दहा राग वाजवले. ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. यातलं ३०३ हे बास गिटारवाला नसेल तर साथीला म्हणून बनवलेलं. सोळा घरांत सूर भरायचे, की ते तीच ओळ घोळवत बसतं. शिवाय एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची त्यात सोय आहे. सिंगांच्या कानाला त्यात मींड सापडली! याच यंत्रावरचं शिकागोच्या फ्यूचर या गटाचं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ चं, म्हणजे पाच वर्षांनंतरचं. सिंगांच्या तबकडीकडे मात्र कुणी फारसं बघितलं नाही. २०१० मध्ये ती परदेशातून पुन्हा निघाली, तेव्हा कुठे चर्चा झाली.

तिला डोक्यावर घेऊन नाचायचंही कारण नाही. पहाटेचा भैरव आणि रात्रीचा मालकंस एकाच ठोक्यावर पळतात. राग रुळायच्या आत पुढचा सुरू. मला तरी ती सलग ऐकताना मध्येच उठावंसं वाटतं.

इथेच वारल्यांचा तारपा उपयोगी पडला असता. वाळवलेला दुधी, बांबूच्या नळ्या, मेण, ताडाच्या पानाचा कर्णा. आणि श्वास न तोडता फुंकणारा माणूस. तीच ओळ फिरते इथेही, पण वादकाने धून बदलली की नाचणाऱ्यांचे पाय बदलतात. तो दमतो, आणि ते सुरात कळतं. ३०३ दमत नाही. म्हणून त्याला कधी थांबवायचं, कुठे वळवायचं हे वाजवणाऱ्याला ठरवावं लागतं. आपल्या नव्या बँडांचे पहिले अल्बम नेमके तिथे कच्चे असतात. आवाज निवडण्यात महिने जातात, वळणं तशीच राहतात.

हळदीतल्या पोराला ती अडचण नव्हती. नऊच्या सुमारास त्याचं डावं बोट दुखायला लागलं असावं. त्याने आगपेटीतली काडी मोडून दाबलेल्या पट्टीच्या फटीत खोचली, मोकळ्या हाताने चहाचा कप घेतला, आणि बायांच्या पायांकडे बघत उजव्या हाताने धून बदलली.