एकतीस गोलांचा हिशेब

संध्याकाळ उतरू लागली, चेंडू नीट दिसेनासा झाला आणि गोलांची मोजदाद कोणाच्याच ध्यानात राहिली नाही, म्हणजे मैदानावरची मुले आपसांत एक नवा कायदा करतात: आता पुढचा गोल जो करील तो जिंकला! मागचे सारे देणेघेणे माफ. इंग्रजीत या कायद्याला ‘नेक्स्ट गोल विन्स’ म्हणतात. हेच नाव घेऊन, एकाच फुटबॉल संघाच्या एकाच कहाणीवर दोन चित्रपट निघाले आहेत. पहिला माइक ब्रेट आणि स्टीव्ह जेमिसन यांचा २०१४ सालचा अनुबोधपट. दुसरा तायका वायटीटी यांचा २०२३ सालचा कथापट. नाव एक, संघ एक, सामना एक. आणि तरीही हरलेल्या माणसाकडे पाहण्याची दोघांची दृष्टी अगदी वेगळी. सणाच्या दिवसांत सारे घर पडद्यासमोर एकत्र बसते, त्या वेळी या दोहोंपैकी कोणता चित्रपट निवडावा हा प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. परंतु त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे: एखाद्याची फजिती आपण कशासाठी पाहतो?

प्रथम हा संघ कोठला ते सांगितले पाहिजे. दक्षिण पॅसिफिक महासागरात अमेरिकन सामोआ नावाचा एक चिमुकला मुलूख आहे. पाच ज्वालामुखी बेटे आणि दोन प्रवाळद्वीपे एवढाच त्याचा पसारा. २०२० च्या खानेसुमारीत तेथील लोकसंख्या ४९,७१० भरली. आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावीही एवढी माणसे सहज निघतात. पश्चिमेकडचा सामोआ १९६२ मध्ये स्वतंत्र झाला; पूर्वेकडचा हा भाग अमेरिकेच्याच ताब्यात राहिला. साहजिकच तेथील दांडग्या, चपळ पोरांचा ओढा अमेरिकन पद्धतीच्या फुटबॉलकडे. तो हातात चेंडू घेऊन धावण्याचा, अंगावर अंग आदळण्याचा खेळ. त्यात नाव काढले तर अमेरिकेत शिष्यवृत्ती आणि पैसा यांची दारे उघडतात. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्या खेळाच्या वाट्याला उरलासुरला उत्साह येतो. तरीदेखील १९९८ मध्ये हा मुलूख फिफाचा सदस्य झाला आणि जगाच्या पंक्तीत आपले पान मांडून बसला.

पंक्तीत बसले म्हणजे वाढप सोसावे लागते. ११ एप्रिल २००१ रोजी ऑस्ट्रेलियातील कॉफ्स हार्बर येथे विश्वचषकाच्या पात्रता फेरीत ऑस्ट्रेलियाने या संघावर ३१ गोल चढवले. मध्यंतरालाच १६ झाले होते. आर्ची थॉम्पसन या एकट्याने १३ केले. गोल इतक्या झपाट्याने होत होते की फलकावर ३२ आकडा लागला आणि मागाहून तो दुरुस्त करावा लागला. मोजणाऱ्यांचीच मोजदाद चुकली. पण ‘मागचे माफ’ म्हणणारे तेथे कोणी नव्हते. आंतरराष्ट्रीय सामन्यांतील हा विक्रमी पराभव ठरला. खरा संघ तर मैदानावर उतरलाच नव्हता. पारपत्राच्या नियमावर बोट ठेवल्यामुळे मूळच्या वीस जणांपैकी केवळ एकच खेळाडू पात्र ठरला होता. वीस वर्षांखालील मुले घ्यावीत तर त्यांतील बहुतेकांच्या शाळेच्या परीक्षा चालू. शेवटी जी पोरे हाती लागली ती उभी केली. त्यांत तिघे तर पंधरा वर्षांचे होते. आणि तो पात्र ठरलेला एकटा खेळाडू कोण? गोलरक्षक निकी सालापू!

एकतीस वेळा जाळ्यातून चेंडू काढून देणारा हा माणूस. माझ्या मते या कहाणीचा नायक तोच आहे, आणि दोन्ही चित्रपटांची पारख त्याच्याच कसोटीवर करावी.

अनुबोधपटाने हे अचूक ओळखले आहे. त्यात सालापू भेटतो तो बेटापासून दूर, अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात. पराभवाला वर्षे लोटली आहेत. पण पराभव काही त्याला सोडून गेलेला नाही. घरी बसून तो व्हिडिओगेममध्ये आपल्या संघाला ऑस्ट्रेलियाशी लढवतो आणि समोरच्या बाजूला कोणीच खेळत नसताना गोलामागून गोल करत सुटतो. हे दृश्य पाहून प्रथम हसू येते. दुसऱ्याच क्षणी ते हसू ओठांवरच थांबते. विनोद आणि कारुण्य एकाच माणसाच्या एकाच कृतीतून असे निघावे, याहून पटकथालेखकाने अधिक काय साधले असते? येथे तर लिहिणारा कोणी नाही. दिग्दर्शकांनी केवळ पाहिले, आणि पाहताना मधे बोलले नाहीत. हा संयम सोपा नव्हे.

२०११ च्या अखेरीस पुढील पात्रता फेरी आली तेव्हा संघ जागतिक क्रमवारीच्या तळाशी होता. त्या वेळी टॉमस रोंगेन हा डच प्रशिक्षक अवघ्या काही आठवड्यांसाठी बेटावर आला. अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये त्याने नाव कमावले होते. तो तापट, शिस्तीचा. आणि अंतर्यामी दुखावलेला, कारण २००४ साली मोटार अपघातात त्याच्या घरातली तरुण मुलगी गेली होती. अनुबोधपट हे दुःख दाखवतो, परंतु वेळेवर बाजूला सारतो. प्रशिक्षक बेटाला बचाव शिकवतो. बेट त्याला प्रार्थना, सामुदायिक गाणे आणि आपलेपणा देते. देवाणघेवाण बरोबरीची राहते.

वायटीटींच्या कथापटात मात्र हा तराजू झुकला आहे. मायकेल फासबेंडरने उभा केलेला रोंगेन हा दारूच्या आहारी गेलेला, बायकोपासून तुटलेला, जगावर रुसलेला गृहस्थ आहे. प्रत्यक्षात पत्नी त्याच्यासोबत बेटावर आली होती. येथे ती दूर, दुसऱ्या पुरुषासोबत आहे. चित्रपटाला सत्य वळवण्याचा अधिकार नाही असे मी म्हणणार नाही. ऐतिहासिक नाटके पाहत वाढलेल्या मराठी प्रेक्षकाने तरी तसे म्हणू नये. परंतु सत्य वळवले ते कोणाच्या लाभासाठी, हे विचारण्याचा अधिकार प्रेक्षकाला आहे. येथे सारे वळण प्रशिक्षकाच्या दुःखाला उठाव मिळावा म्हणून आहे. मग सबंध बेट त्याच्या औषधपाण्याची जागा होते, आणि एकतीस गोल खाल्लेला सालापू त्याच्या कथेतले एक उपकथानक होऊन बसतो.

वायटीटींवर अन्याय होऊ नये म्हणून दुसरी बाजूही सांगतो. ते स्वतः माओरी वंशाचे. पॅसिफिकमधील माणसांची थट्टा ते घरच्या माणसाच्या हक्काने करतात. गोरा तारणहार बाहेरून येतो आणि भोळ्या लोकांचा उद्धार करतो, या जुनाट साच्याचीही त्यांनी मनसोक्त टर उडवली आहे. ऑस्कर काइटली यांनी रंगवलेला संघटनेचा प्रमुख ताविता तर अतिशय लोभस उतरला आहे. त्याचे मागणे केवढे? विजय नको, एक गोल हवा, फक्त एक! या मागण्यात सबंध बेटाचे मन उतरले आहे. दुर्दैवाने दिग्दर्शक साच्याची थट्टा करतात आणि कथा मात्र त्याच साच्यात ओततात. टवाळी केल्याने साचा मोडत नाही.

जाया साएलुआ या खेळाडूच्या चित्रणात हा भेद लख्ख दिसतो. सामोअन समाजात जन्माने पुरुष पण स्त्रीच्या रीतीने वावरणाऱ्या व्यक्तींना फाआफाफिने म्हणतात, आणि त्यांना कुटुंबात मानाचे स्थान असते. जाया त्यांपैकी एक. विश्वचषकाच्या पात्रता सामन्यात खेळणारी ती पहिली पारलिंगी खेळाडू. अनुबोधपटात तिचे असणे कोणाला आश्चर्याचे वाटत नाही. ती बचावफळीत खेळते, आपल्याविषयी मोकळेपणी बोलते आणि पुन्हा सरावाला लागते. कथापटात रोंगेन तिला मुद्दाम जुन्या नावाने हिणवतो, झटापट होते, पुढे पश्चात्ताप, मग मैत्री. अभिनेत्री काइमाना हिने ही भूमिका मोठ्या डौलाने केली आहे, यात शंका नाही. परंतु बेटाने जे सहजपणे स्वीकारले होते ते पाहुण्याला शिकण्यासाठी धडा म्हणून वापरले गेले, हेही खरे.

आता शेवटाकडे वळू. २२ नोव्हेंबर २०११ रोजी शेजारच्या सामोआतील आपिया येथे अमेरिकन सामोआने टोंगाला २–१ असे हरवले. रामिन ओट आणि शालोम लुआनी यांनी गोल केले; गोलात सालापूच उभा होता. फिफाचे सदस्य झाल्यानंतरचा हा पहिला विजय. कथापटाचा कळसाध्याय येथेच होतो, आणि मुलांचा तो कायदा लागू होतो: पुढचा गोल झाला, मागचे माफ. परंतु स्पर्धा येथे संपली नव्हती. दोन दिवसांनी कुक बेटांशी १–१ अशी बरोबरी झाली. मग सामोआशी अखेरचा सामना. जिंकले तर पुढची फेरी. अगदी शेवटच्या मिनिटांपर्यंत कोंडी फुटली नाही, आणि तेव्हा सामोआने गोल केला. ०–१. वाट बंद. अनुबोधपट या पराभवापर्यंत आपल्याला नेतो, म्हणून त्यातला टोंगावरचा विजय अधिक खरा वाटतो. एकतीस गोलांनी हरणारा संघ आता एका गोलाने, तोही अखेरच्या क्षणी, हरू लागला होता! ही प्रगती किती मोठी, हे ज्याने पराभव मोजले आहेत त्यालाच कळेल.

अनुबोधपटही निर्दोष नाही. टोंगाचा सामना हातचा गेला असता तर ही माणसे आपल्या घरातल्या पडद्यापर्यंत पोहोचली असती का, हा प्रश्न तो स्वतःला विचारत नाही. छोट्या मुलुखातल्या खेळाडूंचे पाय मोठ्या खेळाचा पैसा कसा ओढून नेतो, यावरही तो फारसा रेंगाळत नाही. टोंगावर गोल करणाऱ्या लुआनीलाच २०१७ मध्ये ओकलंड रेडर्स या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघाने निवडले, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

तेव्हा माझा कौल असा. मुलांसह पोटभर हसायचे असेल तर वायटीटींचा चित्रपट जरूर पाहावा. त्यात विष नाही. पण त्याच आठवड्यात अनुबोधपटही पाहावा, आणि शक्य तर आधी पाहावा. मग घरातले एखादे पोर नक्की विचारील, की एवढे गोल झाल्यावर तो गोलरक्षक पुन्हा खेळायला आलाच कसा? या प्रश्नाचे उत्तर कथापट प्रशिक्षकाच्या तोंडून देऊ पाहतो. अनुबोधपट उत्तर देतच नाही. तो फक्त दहा वर्षांनी सालापूला पुन्हा त्याच जागी, दोन खांबांच्या मध्ये, उभा असलेला दाखवतो. त्याने एकतीसपैकी एकही गोल खात्यातून खोडलेला नाही. सारे अंगावर घेऊनच तो परत आला आहे. मुलांच्या त्या प्रश्नाला घरातल्या वडीलधाऱ्यांनीही उत्तर देण्याची घाई करू नये. पडद्यावरच्या त्या माणसाकडे बोट दाखवावे.