‘मर्फी’ या आडनावाची व्युत्पत्ती

आयर्लंडमधील सर्वांत प्रचलित आडनाव जे ‘मर्फी’, त्याचा अर्थ ‘सागरयोद्धा’ असा लोकप्रिय नामकोशांत दिलेला असतो. वस्तुतः हा अर्थ ‘मुरखद’ या प्राचीन व्यक्तिनामाचा होय. ‘मुइर्’ म्हणजे समुद्र आणि ‘कथ’ म्हणजे युद्ध, या केल्टिक पदांचा तो समास. या नामाच्या षष्ठीरूपापूर्वी ‘ओ’ (वंशज) अथवा ‘मॅक’ (पुत्र) हे पद येऊन आडनाव सिद्ध होते. अर्थात ‘मुरखदाचा वंशज’ एवढेच ते सांगते. आयरिश व्याकरणाने हा संबंध अद्याप राखला आहे : पुरुष ‘ओ मुरखू’, तर कन्या ‘नी वुरखू’, तेथे आद्य ‘म’चा ‘व’ होतो. इंग्रजी रूपात मूळच्या कंठ्य घर्षकाच्या जागी ‘फ’ आला, ‘ओ’ गळाले आणि षष्ठीचा संबंध दिसेनासा झाला.

शिवाय वेक्सफर्ड, कॉर्क व टिरोन येथील मर्फी-कुळे मुळात परस्परांहून स्वतंत्र आहेत. ११७१ मध्ये मृत्यू पावलेला लेन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो याच्या नावातही हेच व्यक्तिनाम आहे. सबब, आडनावाच्या साम्यावरून एकच वंश कल्पिणे, अथवा समासाच्या अर्थावरून पूर्वजांची वृत्ती ठरविणे, ही दोन्ही अनुमाने नामशास्त्राच्या कसोटीस उतरत नाहीत.