स्वतःबद्दल कोणी बोलायचं?

आज आपण एका नियमाची समीक्षा करणार आहोत. पुस्तकाची करतो, नाटकाची करतो, तशीच. नियम एका ओळीचा आहे आणि तुम्ही ज्या ज्या ऑनलाइन गटात असाल तिथे तो कुठल्या ना कुठल्या शब्दांत लिहिलेला असणार: ‘इथे स्वतःची जाहिरात करू नये.’

आम्ही स्वतः असा एक गट चालवतो. वाचणाऱ्यांचा गट आहे, तीनशेच्या आत माणसं, चालवणारे आम्ही तिघं. नियम आम्हीच लिहिले. पाचवा नियम हा. त्यात एक बाई होत्या, सोलापूरकडच्या. गटात कोणी जुना शब्द विचारला की त्यांचं उत्तर यायचं. धोटा म्हणजे काय, कांडी कशी भरतात, मागावरची फणी आणि केसांची फणी यांचा संबंध काय. चार वर्षं त्या असं सांगत होत्या, न थकता. एके दिवशी त्यांनी दोन ओळी टाकल्या: मागावरच्या शब्दांचा संग्रह केला आहे, स्वखर्चाने छापला आहे, कोणाला हवा असल्यास कळवावे. आमच्यातल्या एकाने चार मिनिटांत त्या ओळी काढल्या. पाचवा नियम. बाईंनी ‘नियम बरोबर आहे’ असं लिहिलं आणि पंधरा दिवसांनी गट सोडला. भांडण नाही, काही नाही.

त्याच आठवड्यात एका नावाजलेल्या लेखकाची नवी कादंबरी आमच्या गटात तीनदा आली. टाकणारे तिघंही त्यांचे मित्र. आम्ही काही काढलं नाही. काढणार कसं? ते स्वतःबद्दल बोलतच नव्हते!

तर समीक्षा इथून सुरू करू. नियम सगळ्यांना सारखा लागू होता. पण तो लागला कोणाला? जिच्या वतीने बोलायला दुसरं कोणी नव्हतं तिला. ज्याच्याकडे मित्र आहेत, प्रकाशक आहे, त्याला स्वतःचं नाव स्वतः घेण्याची वेळच येत नाही. बाईंनी उघडपणे ‘मी केलं आहे’ म्हटलं म्हणून त्या सापडल्या. एखाद्या भाचीला सांगून तोच मजकूर टाकला असता तर आम्ही त्यावर अंगठा दाखवून पुढे गेलो असतो.

आता आपल्या मराठी मनाला हा नियम इतका पटकन का पटतो, तेही पाहायला हवं. समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगताना आपणच आपली स्तुती करणाऱ्याला त्यात बसवलंय. घरात तेच शिकवलं जातं. दुसरीकडे, न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत आणि बोलणाऱ्याचा कोंडाही खपतो, हेही आपणच म्हणतो. दोन्ही खरं मानून आपण मजेत जगतो. पण ऑनलाइन नियम आला तो काही दासबोधातून आला नाही. त्याचा उगम वेगळा आहे, आणि तो बघितल्याशिवाय तो कुठे वाकवायचा ते कळणार नाही.

युजनेट हे नाव आपल्यातल्या थोड्यांनीच ऐकलं असेल. १९७९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांना सुचलेली, १९८० मध्ये सुरू झालेली ही चर्चेची व्यवस्था. विषयवार कट्टे, कोणीही लिहावं, सगळ्यांनी वाचावं. पुढे काही वर्षं अमेरिकेतल्या इंटरनेटचा कणा सरकारी पैशावर चालत होता, नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या. संशोधन आणि शिक्षणासाठी तो होता, धंद्यासाठी वापरायचा नाही असं त्याचं धोरण होतं. म्हणजे जाहिरात नको या आग्रहाच्या मुळाशी विनयाचा प्रश्न फारसा नव्हता. रस्ता सार्वजनिक पैशाचा आहे, त्यावर तुझं दुकान मांडू नकोस, एवढं साधं ते होतं. तो कणा १९९५ च्या एप्रिलअखेर बंद झाला. कारण गेलं, नियम राहिला. असं नियमांचं होतंच.

युजनेटवरच्या दोन घटना शेजारी ठेवून बघा.

पहिली २५ ऑगस्ट १९९१ ची. मिनिक्स नावाच्या संगणकप्रणालीचा एक कट्टा होता. मिनिक्स ही अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकांनी शिकवण्यासाठी, आपल्या पाठ्यपुस्तकासोबत, तयार केलेली प्रणाली. त्या कट्ट्यावर हेलसिंकीतला एकवीस वर्षांचा विद्यार्थी येतो आणि सांगतो की मी स्वतःची एक प्रणाली लिहितोय, फुकट, हौस म्हणून; मिनिक्समध्ये तुम्हाला काय आवडतं, काय खटकतं ते सांगा. हा लिनस टोरवाल्ड्स, आणि ती प्रणाली पुढे लिनक्स म्हणून जगभर गेली. आता नियमाच्या डोळ्यांनी बघा. दुसऱ्याच्या वस्तूसाठी असलेल्या कट्ट्यावर येऊन हा स्वतःच्या वस्तूबद्दल बोलतोय, तीही स्पर्धेतली वस्तू. आमच्या पाचव्या नियमाने तो चार मिनिटांत गेला असता.

तिथे तो राहिला. पुढे जानेवारी १९९२ मध्ये खुद्द टॅनेनबॉम यांनी त्याच कट्ट्यावर लिनक्स ही जुन्या वळणाची रचना आहे, कालबाह्य आहे, असं लिहिलं. मोठा वाद झाला. टोरवाल्ड्सने उलट उत्तर दिलं, जरा उद्धटपणेच. पण बघण्यासारखी गोष्ट ही, की टॅनेनबॉम यांचा मुख्य वाद रचनेशी होता. ‘तू इथे स्वतःची जाहिरात का करतोस’ हा प्रश्न त्यांनी मध्यभागी आणला नाही. वस्तू समोर होती, तिची चिरफाड करता येत होती, आणि करणारा ती ऐकून घ्यायला हजर होता. लवकरच लिनक्सच्या बोलण्यासाठी स्वतंत्र कट्टा निघाला आणि मिनिक्सवाल्यांची गर्दी कमी झाली.

दुसरी घटना १२ एप्रिल १९९४ ची. ॲरिझोनातल्या फिनिक्सचं एक वकील दांपत्य, कँटर आणि सिगल. अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना, ज्याला आपण ग्रीन कार्ड म्हणतो, त्याच्या सोडतीसाठी आम्ही पैसे घेऊन अर्ज भरून देऊ, अशी जाहिरात त्यांनी युजनेटच्या पाच हजारांहून अधिक कट्ट्यांवर टाकली. स्वयंपाकाचा कट्टा असो, गणिताचा असो, सगळीकडे तेच. आणि एकाच मजकुराला सगळ्या कट्ट्यांची नावं जोडायची सोय असताना त्यांनी प्रत्येक कट्ट्यावर वेगळी प्रत टाकली, म्हणजे दहा कट्टे वाचणाऱ्या माणसाला ती दहादा दिसली. लोक इतके चिडले की त्यांना इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा संगणक तक्रारींच्या पत्रांखाली कोलमडला आणि कंपनीने त्यांचं खातं बंद केलं. या जोडप्याला पश्चात्ताप वगैरे झाला नाही. त्याच वर्षी त्यांनी इंटरनेटवर पैसा कसा करावा याचं पुस्तक काढलं. (हशा)

पहिला फुकट देत होता, दुसरे पैसे मागत होते, म्हणून पहिला चांगला, असं तुम्ही म्हणाल. आम्हाला ते पुरेसं वाटत नाही. आमच्या सोलापूरच्या बाई पुस्तकाचे दीडशे रुपये घेत होत्या. छपाईचे पैसे द्यायचे असतात. पैशाने फरक ठरवायला लागलो तर ज्यांचं पोट दुसऱ्या कशावर भरतं तेवढेच लोक आपल्या कामाबद्दल बोलू शकतील.

फरक मागे उरणाऱ्या गोष्टीत आहे. टोरवाल्ड्सचा मजकूर वाचून ज्याला लिनक्सशी काही घेणंदेणं नव्हतं, त्यालाही मिनिक्सबद्दल विचार करायला एक प्रश्न मिळाला. आणि लिहिणारा तिथेच बसून राहिला, शिव्या खायला आणि उत्तरं द्यायला. कँटर-सिगल यांच्या मजकुरातून विक्री वजा केली तर शून्य उरतं. ज्या कट्ट्यावर टाकलं त्या कट्ट्याचा विषयही त्यांना ठाऊक असायची गरज नव्हती. विकणाऱ्याला बाजूला काढून मजकूर वाचावा आणि वाचणाऱ्याच्या हातात काही राहतं का ते पाहावं. राहत असेल तिथे नियम वाकवावा, आणि वाकवताना खळखळ करू नये.

पुष्कळ ठिकाणी हे आकड्यांनी सोडवायचा प्रयत्न झाला. रेडिटवर बरीच वर्षं एक अंदाज सांगितला जायचा: तुमच्या दहा नोंदींत एखादीच स्वतःच्या कामाची असावी. ऐकायला न्याय्य वाटतं. व्यवहारात काय होतं, तर माणूस नऊ पोकळ नोंदी टाकतो, ‘छान’, ‘सहमत’, ‘वाह’, आणि दहाव्याचा हक्क कमावतो. एस.टी.च्या रांगेत रुमाल ठेवून जागा धरण्यासारखंच ते. हॅकर न्यूज या संगणकवाल्यांच्या ठिकाणी आम्हाला जास्त शहाणी पद्धत दिसते. तिथे स्वतः केलेली वस्तू दाखवायला एक वेगळं शीर्षकच आहे. अट अशी की लोकांना ती वापरून बघता आली पाहिजे. नुसतं ‘लवकरच येत आहे, नाव नोंदवा’ चालत नाही. शिवाय मित्रांना गोळा करून मतं मागायची नाहीत. म्हणजे बघा, आमच्या गटाच्या अगदी उलट. उघडपणे स्वतःचं दाखवणाऱ्याला दार उघडं, आणि मित्रांकरवी वाजवून घेणाऱ्याला बंद.

नियम कुठे मुळीच वाकवू नये, तेही सांगितलं पाहिजे. गट चालवणाऱ्यांनी स्वतःसाठी, कधीच नाही. २००५ मध्ये विकिपीडियाचे जिमी वेल्स यांनी स्वतःवरच्या लेखात स्वतःच बदल केले होते, लॅरी सँगर यांचा सहसंस्थापक म्हणून असलेला उल्लेख काढला होता. ते उघडकीला आलं आणि त्यांना खेद व्यक्त करावा लागला. विकिपीडियाची रीत इथे उपयोगी आहे: स्वतःबद्दलच्या लेखाला हात लावू नका, पण लेखाच्या चर्चापानावर येऊन ‘मी अमुक आहे, ही चूक आहे, हा पुरावा’ असं सांगायला वाट ठेवलेली आहे. ज्ञानकोशात लेखकाचा हात नको हे बरोबरच आहे, पण त्याचं तोंडही बांधलेलं नाही. आणखी एक: औषधं, गुंतवणूक, लग्न जुळवणं. जिथे वस्तू तपासायची म्हणजे आधी जीव किंवा पैसा घालावा लागतो, तिथे कितीही जुना सभासद असो, सूट नको.

आमच्यातल्या एका सहकाऱ्याचा आक्षेप असा की एकीला परवानगी दिली की उद्या दहा कवी उभे राहतील. राहतील. मराठीत कवी उभे राहायला परवानगी लागते असं आम्हाला तरी दिसलेलं नाही. आक्षेप खोटा नाही, आम्ही ती गर्दी पाहिलेली आहे. पण लाखो लोकांच्या इंग्रजी गटासाठी केलेला नियम आपण तीनशे माणसांच्या मराठी गटाला जसाच्या तसा लावला, ही आमची चूक होती. तिथे लेखक गप्प बसला तरी दुसरा कोणी तरी बोलणार असतो: वर्तमानपत्रं, परीक्षणं, अनोळखी वाचक. आपल्याकडे हजार-पाचशे प्रतींची आवृत्ती निघते, परीक्षणाच्या जागा आक्रसत चालल्या आहेत, आणि मागावरच्या शब्दांच्या संग्रहाचं परीक्षण कोण लिहिणार? जी माणसं ते लिहू शकतील ती आमच्याच गटात होती, आणि आम्ही त्यांच्यापर्यंत दोन ओळी पोचू दिल्या नाहीत.

म्हणून आम्ही पाचवा नियम बदलला. आता तो जरा लांबलचक आहे, सुबक नाही. गटात काही काळ बोलत आलेल्या माणसाने स्वतःचं काम आहे हे स्पष्ट सांगून, एकदा, कामाचा एखादा तुकडा वाचायला देऊन लिहावं. विचारलेल्या प्रश्नांना उत्तर द्यावं. दुसऱ्याच्या कामाबद्दल लिहिणाऱ्याने लेखकाशी ओळख असल्यास तीही सांगावी. या शेवटच्या कलमावरूनच सगळ्यात जास्त कुरकुर झाली, यात काय ते आलं.

मग आम्ही बाईंना फोन केला. त्या नीट बोलल्या, चहाला या म्हणाल्या, आणि गटात परत यायचं मात्र त्यांनी टाळलं. संग्रहाची एक प्रत पोस्टाने आली. आम्ही पैसे पाठवले आणि त्या पुस्तकाबद्दल गटात लिहिलं, ओळख असल्याचं सांगून, फणीच्या नोंदीचं एक पान जोडून. आठ-दहा जणांनी मागवलं. एका सभासदाने लगेच विचारलं की विदर्भातल्या मागावर याच वस्तूला दुसरा शब्द आहे, तो यात का नाही?

प्रश्न चांगला होता. त्याचं उत्तर आमच्यापैकी कोणालाच देता आलं नाही.

थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ या.