‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ : भारत व इंग्लंडमधील चलनपुरवठ्याच्या तुलनेची चिकित्सा

प्रस्तावना :
दोन देशांतील पैशाच्या पुरवठ्याची तुलना करताना वाढीचे आकडे शेजारी शेजारी मांडण्याची पद्धत रूढ आहे. त्या आकड्यांमागील चलनव्यवस्था मात्र बहुधा दुर्लक्षित राहते. या दृष्टीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा १९२३ साली लंडन येथे प्रकाशित झालेला ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ आजही अभ्यसनीय आहे. प्रा. एडविन कॅनन यांनी प्रस्तावनेत आपले मतभेद नोंदवूनही या ग्रंथाचे स्वागत केले. प्रस्तुत लेखात त्यातील तुलनेचे सामर्थ्य व मर्यादा तपासल्या आहेत.

तुलनेचे स्वरूप :
१८७३ च्या सुमारास जर्मनीसह अनेक देश चांदीकडून सोन्याकडे वळले. सोन्याची मागणी वाढली. पुरवठा त्या प्रमाणात वाढला नाही. परिणामी इंग्लंडमधील किमती सुमारे दोन दशके घसरत राहिल्या. भारतातील टांकसाळी मात्र चांदीसाठी खुल्या होत्या. स्वस्त झालेली चांदी नाण्यांच्या रूपाने चलनात येत गेली आणि येथील किमती टिकून राहिल्या, पुढे वाढल्याही. रुपयाचा दर सुमारे २ शिलिंगांवरून १८९२-९३ पर्यंत १ शिलिंग ३ पेन्सच्या आसपास उतरला. इंग्लंडमधील देणी पौंडांत फेडावी लागणाऱ्या सरकारने १८९३ मध्ये टांकसाळी बंद केल्या व पुढे १ शिलिंग ४ पेन्स हा दर राखला.

ग्रंथाचे सामर्थ्य :
या सुवर्ण विनिमय परिमाणाचे जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ मध्ये समर्थन केले होते. डॉ. आंबेडकरांचा आक्षेप मूलगामी आहे. विनिमय दर स्थिर राहिला म्हणजे रुपया स्थिर झाला, असे होत नाही. नाणी पाडण्याचा अधिकार सरकारच्या हाती एकवटला. त्याला पुरेशी मर्यादा नव्हती. म्हणून खरी कसोटी रुपयाच्या क्रयशक्तीची. किमतींच्या वेगाने मजुरी वाढत नाही, त्यामुळे चलनाच्या घसरणीतून व्यापाऱ्याला होणारा लाभ श्रमिकाच्या तोट्यातून येतो, हे त्यांचे प्रतिपादन अर्थशास्त्राला सामाजिक न्यायाशी जोडते.

मर्यादा :
त्यांचा सोन्यावरील विश्वास मात्र पुढील इतिहासाने पूर्णतः सिद्ध केला नाही. मंदीच्या काळात सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडलाच सुवर्ण परिमाण सोडावे लागले. १८७३ नंतरच्या इंग्लंडमधील घसरत्या किमतींतही या धोक्याची सूचना होती.

दुसरी मर्यादा कक्षेची आहे. ग्रंथाचा रोख ब्रिटिश चलनधोरणावर असल्याने संस्थानी चलनांना त्यात मध्यवर्ती स्थान नाही. वैजापूर तालुका तेव्हा हैदराबाद संस्थानात, तर लगतचे येवला व कोपरगाव मुंबई इलाख्यात होते. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार रुपया. १९१८ पासून हैदराबादच्या स्वतःच्या कागदी नोटाही चलनात आल्या. १९५० मध्ये भारतीय रुपया संस्थानात आला तेव्हा ७ हाली रुपयांस ६ भारतीय रुपये हे प्रमाण होते. हाली चलन १९५९ मध्ये रद्द झाले. म्हणजे ‘भारताचा चलनपुरवठा’ ही संज्ञा वैजापूरच्या बाजारपेठेपुरती तरी अपुरी ठरते. विनिमयाच्या प्रमाणावरून दोन्ही चलनांच्या पुरवठ्याची वाढ कळत नाही. ग्रंथाची कसोटी येथेही लावता आली असती.

समारोप :
२०२० मध्ये अमेरिकेतील ‘एम-२’ सुमारे २५ टक्क्यांनी, तर २०२०-२१ मध्ये भारतातील ‘एम-३’ सुमारे १२ टक्क्यांनी वाढला. परंतु भारताच्या ‘एम-३’मध्ये बँकांतील मुदत ठेवी समाविष्ट असतात, अमेरिकेच्या ‘एम-२’मधून मोठ्या मुदत ठेवी वगळल्या जातात. केवळ वजाबाकी करून निघणारा निष्कर्ष म्हणूनच फसवा ठरतो. काय मोजले, चलन कोणी व कोणत्या मर्यादेत काढले आणि मजुराच्या हाती आलेल्या रुपयाने किती धान्य मिळाले, हे तीन प्रश्न अशा प्रत्येक तुलनेस विचारले पाहिजेत. ते विचारण्याची दिशा दाखविणे हेच या ग्रंथाचे टिकाऊ योगदान होय.